सात नंबरवरचा ठिपका

नवा कोरा गोल्फ सेट घरी आला, प्लास्टिक काढलं आणि एका क्लबवर बारीकसा डाग दिसला, तर सेट परत करावा का? वरवर पाहता ही सुखवस्तू लोकांची कुरकुर वाटेल. पण या प्रश्नात घामाच्या पैशाचा हिशेब आहे, धातूचं शास्त्र आहे आणि दुकानदाराशी कसं वागावं हेही आहे. माझ्याबरोबर रविवारी खेळणारे एक गृहस्थ आणि त्यांची भाची यांचा यावरचा वाद मी शेजारी बसून ऐकला. दोघंही आपापल्या कामात मुरलेले असल्यामुळे तो लिहून ठेवावासा वाटला.

भाची चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, पास करायचे किंवा बाजूला काढायचे, हे तिचं रोजचं काम. मामा निवृत्त झाल्यापासून ओळखीच्यांच्या क्लबची डागडुजी करतात. ग्रिप बदलणं, सैल झालेलं डोकं पुन्हा बसवणं, शाफ्ट कापून छोटा करणं, सगळं घरच्या गॅलरीत. मुलांना जुने सेट दुरुस्त करून देण्याचा त्यांना फार सोस.

भाचीनं घेतला होता फोर्ज्ड आयर्नचा सेट, चार नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत सात क्लब. डोकी मऊ कार्बन स्टीलची, वरून निकेल-क्रोमचा मुलामा. किंमत लाखाला थोडी कमी. त्यातल्या सात नंबरच्या टॉपलाइनवर, म्हणजे चेंडूमागे क्लब टेकवून वरून पाहिलं की डोक्याची जी वरची कड दिसते तिच्यावर, मोहरीच्या दाण्याहून लहान काळसर ठिपका होता. शिवाय नऊ नंबरच्या सोलवर, म्हणजे डोक्याच्या तळाला, कोरलेल्या आकड्यात एका बाजूला रंग भरायचा राहिला होता.

भाची: मामा, मी हा सेट परत करणार आहे.

मामा: मारून पाहिलास?

भाची: एकही चेंडू नाही. रेंजवरसुद्धा नेलेला नाही. एकदा चेंडू लागला की त्या कारणासाठी परत करायचा माझा हक्क संपला, असं मी धरते.

मामा: तेवढं बरं केलंस. आठ दिवस खेळून, फेसवर चेंडूचा रंग चढवून, मग ‘मूळचाच डाग आहे’ म्हणत दुकानात जाणारे मी पाहिलेत. पण अगं, या ठिपक्यानं चेंडूला काय फरक पडणार? फेस स्वच्छ आहे, ग्रूव्ह धारदार आहेत. टॉपलाइन काही चेंडूला लागत नाही.

भाची: चेंडूला फरक पडतो असं मी म्हणतच नाहीये.

मामा: मग? पहिल्या बंकरमधून बाहेर येईस्तोवर सोलवर ओरखडे उठतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या जमिनीवर खडे किती असतात ते तुला माहीत आहे. बॅगेत डोकी एकमेकांवर आपटतात ती वेगळीच. दिवाळीपर्यंत हा ठिपका शोधूनही सापडायचा नाही.

भाची: सापडेल, कारण मी तो रोज वरून बघणार आहे. आणि माझ्या हातून पडलेला ओरखडा माझा असतो, मामा. त्यात माझा खेळ आहे, माझी चूक आहे. हा ठिपका मी पाडलेला नाही, आणि तरी त्याचे पैसे माझ्याकडून घेतलेत.

इथे मामांनी टायगर वुड्सचं नाव काढलं. क्लब जुना झाला की झाला, असं कुणी म्हणालं की ते नाव ते काढतातच. वुड्सनं १९९९ मध्ये हातात घेतलेल्या पटरवर आपल्या पंधरा मेजर स्पर्धांपैकी चौदा जिंकल्या. चेंडू लागून लागून त्या पटरच्या फेसवर जागा घासली गेली आहे, आणि ती घासलेली जागा पाहायला लोक छायाचित्रं मोठी करून बघतात. खेळाचे नियमही झिजेच्या बाजूनं आहेत. नेहमीच्या वापरानं क्लब झिजला तर तो नियमबाह्य ठरत नाही, असं चौथा नियम सांगतो.

मामा: आणि गोल्फच्या चेंडूची गोष्ट तर तुला सांगायलाच हवी. १८४८ च्या सुमाराला गटापर्चाचे चेंडू आले. त्याआधी चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून भरलेले चेंडू असायचे, महाग आणि पावसात भिजून फुटणारे. गटापर्चाचा नवा चेंडू गुळगुळीत, देखणा. पण मारला की थोडा उडायचा आणि पटकन खाली यायचा. तोच चेंडू खेळून ओरबाडला गेला, त्याला टवके उडाले, की लांब आणि सरळ जायचा. लोकांच्या ते लक्षात आलं. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीनं मुद्दाम खुणा पाडायला लागले. त्यातूनच पुढे आजचे खड्डे आले. विल्यम टेलर नावाच्या इंग्रज माणसानं १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे हा सगळा खेळ एका खराब झालेल्या चेंडूवर उभा आहे!

भाची: ही गोष्ट मला फार आवडते. पण बघ, त्या कारागिरानं खुणा मोजून, सारख्या अंतरावर पाडल्या. तो चेंडू त्या खुणांसकट विकला गेला. घेणाऱ्याला माहीत होतं आपण काय घेतोय. माझा राग ठिपक्यावर नाहीच. मला न सांगता तो मला विकला गेला, यावर आहे.

मामा: दुकानदारानं मुद्दाम थोडंच विकलं? त्याच्याकडेही सीलबंद खोका आलेला.

भाची: त्याच्यावर माझा आळ नाही. पण चेंडू बनवणाऱ्या कंपन्या स्वतः काय करतात ते तूच मला शिकवलंस. एक्स-आउट.

एक्स-आउट म्हणजे छपाईत किंवा रंगात काही बिघडलेला नवा चेंडू. कंपनी त्यावरच्या आपल्या नावावर फुल्या मारते आणि तो बराच स्वस्त विकते. बहुतेक वेळा आत काहीच खराबी नसते. नियमांनुसार साध्या फेरीत तो चालतो, मात्र मान्यताप्राप्त चेंडूंच्या यादीतलाच चेंडू वापरायचा असा स्थानिक नियम स्पर्धेत लावला असेल तर चालत नाही. भाचीचा मुद्दा मला इथे पक्का वाटला. दिसण्यातल्या उण्याची किंमत असते हे चेंडूच्या बाबतीत बनवणाराच कबूल करतो आणि खोक्यावर तसं छापतो. मग आयर्नच्या बाबतीत गिऱ्हाइकानं तेच म्हटलं तर तो चोखंदळपणाचा अतिरेक कसा?

मामा: ठीक. पण तुझ्या कारखान्यात प्रत्येक ठिपक्याला रिजेक्शन मारता का? मग कंपनी बंद पडायची.

भाची: नाही मारत. आमच्याकडे प्रत्येक भागाचे झोन पाडलेले असतात. गिऱ्हाइकाची नजर थेट पडते तो ए झोन. वाकून पाहिलं तर दिसतो तो बी. गाडीत बसवल्यावर झाकला जातो तो सी. सी झोनमध्ये चालणारा ओरखडा ए झोनमध्ये चालत नाही. बघायचं कसं तेही ठरलेलं असतं. हातभर अंतर, ठरावीक उजेड, काही सेकंद. भिंग लावून बसलं तर जगातला एकही भाग पास व्हायचा नाही. आणि शंका आली तर लिमिट सॅम्पल काढायचं. इतपत चालेल, याच्यापुढे नाही, असा दोन्हीकडच्या सहीचा नमुना.

मामा: म्हणजे तुझ्या हिशेबात टॉपलाइन ए झोन.

भाची: गोल्फमध्ये त्याच्याहून मोठा ए झोन कुठला? क्लब टेकवल्यावर तेवढीच कड डोळ्यांसमोर असते. पटरची वरची बाजू, ड्रायव्हरचा क्राउन आणि आयर्नची टॉपलाइन. नऊ नंबरच्या सोलवरचा रंग मात्र माझ्या लेखी सी झोन. तो जमिनीला लागून दोन महिन्यांत निघूनच जाणार. त्यासाठी मी दुकानदाराला फोनही करणार नाही.

मामा: रंगाचं मी आत्ता करून देतो. इंजेक्शनच्या सुईनं रंग सोडायचा, वाळत आला की वरचा पुसून घ्यायचा. कारखान्यातही तो हातानंच भरतात, म्हणून कधी कधी राहतो. पण थांब, रंगावरून आठवलं. सिरियल नंबर बघितलास का?

हा प्रश्न मामांनी सहज विचारला, पण नवा क्लब घेणाऱ्या प्रत्येकानं तो विचारायला हवा. बनावट गोल्फ क्लबचा धंदा मोठा आहे. नामांकित कंपन्यांनी मिळून २००४ मध्ये अमेरिकेत त्याविरुद्ध एक गट उभा केला, इतका तो वाढला. बनावट क्लब ओळखू येतो तो बहुधा अशाच बारीक गोष्टींवरून. आकड्यातला रंग बाहेर आलेला, फेरूल म्हणजे शाफ्ट आणि डोकं यांच्या सांध्यावरची काळी कडी तिरकी बसलेली, अक्षरांचं वळण वेगळं, हॉझलवरचा, म्हणजे डोक्याच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यावरचा, सिरियल नंबर नसलेला किंवा उथळ. ड्रायव्हर टायटॅनियमचा म्हणून विकलेला असेल आणि त्याच्या फेसला लोहचुंबक चिकटलं, तर आणखी काही तपासायची गरज उरत नाही. अशा वेळी ‘दिसायचाच तर डाग आहे’ म्हणून सोडून देणारा माणूस स्वतःचं मोठं नुकसान करून घेतो. भाचीचा सेट खरा निघाला. दुकान अधिकृत होतं आणि कंपनीकडे नंबर जुळला. नऊ नंबरचा विषय तिथेच मिटला.

राहिला ठिपका. मामांनी आतून घड्याळजीचं भिंग आणलं.

भाची: आत्ताच म्हटलं ना, भिंग लावायचं नाही.

मामा: डाग शोधायला लावू नये. सापडलेला डाग काय आहे ते ओळखायला लावावं.

हे तिला पटलं. मामांनी कापसाला स्पिरिट लावून टॉपलाइन पुसली. पॉलिशचा मळ असता तर निघून आला असता. ठिपका तसाच राहिला. मग त्यांनी शिवणाची बारीक सुई हलक्या हातानं त्या कडेवरून सरकवली. इकडून तिकडे जाताना ती सरळ घसरत होती आणि ठिपक्यापाशी किंचित अडत होती. दोनदा, तीनदा, दर वेळी तिथेच. तो वर आलेला कण नव्हता, मुलाम्यातलं छिद्र होतं. मामांनी भिंग भाचीच्या हातात दिलं आणि काहीच बोलले नाहीत. पुढचं तीच बोलली.

भाची: आता हा दिसण्याचा प्रश्न उरला नाही. वर चमकतो तो क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा असतो. तो चमक देतो, घासण्यापासून वाचवतो. गंजापासून राखतं ते त्याच्या खालचं जाड निकेल. निकेलला छिद्र पडलं की ओल थेट स्टीलपर्यंत जाते. निकेलपेक्षा स्टील लवकर गंजतं, त्यामुळे सगळा गंज त्या एवढ्याशा जागी एकवटतो. वरून ठिपका तेवढाच दिसतो आणि आतून मुलामा सुटत जातो. मग एक दिवस पापुद्रा निघतो. आमच्याकडे असे भाग सॉल्ट स्प्रेला लावतात. ३५ अंश तापमानात ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. छिद्र असलेला भाग लाल डाग दाखवल्याशिवाय राहत नाही.

मामा: वेज तर कच्च्या स्टीलचेच मिळतात. मुद्दाम गंजू द्यायचे. उन्हात चकाकत नाहीत म्हणून लोक मागून घेतात. गंजानं शॉट बिघडत नाही.

भाची: नाही बिघडत. पण तो वेज मुलाम्याशिवाय विकला जातो, आणि सगळा सारखा गंजतो. मला मुलामा विकलाय. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने आणि कधी कुलाब्याच्या यू. एस. क्लबला खेळायला गेले तर समुद्राचा खारा वारा. हा क्लब दहा वर्षं वापरायचा म्हणून मी फोर्ज्ड सेट घेतला.

मामांनी मान डोलावली, पण त्यांच्या मनातलं मूळ दुखणं वेगळं होतं. ते आता बाहेर आलं.

मामा: मला खरं काय टोचतं सांगू? चेंबूरला प्रेसिडेन्सीच्या कोर्सशेजारच्या वस्तीतली कॅडी मुलं लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूनं गल्लीबोळांत खेळतात. नाल्यावरून, पत्र्यांच्या मधून. त्यांचा हात बघ कधी, काय वळण असतं! आणि आपण टॉपलाइनवरच्या ठिपक्यासाठी खोका परत बांधायचा.

भाची: त्यांच्याबद्दल तुला वाटतं तेच मलाही वाटतं. पण मी गप्प बसले तर त्यातल्या कुठल्या मुलाला काय मिळालं? ठिपक्याची किंमत मी भरली आणि ती कंपनीकडे राहिली, एवढंच. उलट मी सेट परत केला, दुकानदारानं ‘सात नंबरच्या टॉपलाइनवर डाग’ असं स्पष्ट लिहून तो कमी किमतीला काढला, तर नव्यानं शिकणाऱ्या कुणाला तरी चांगला सेट हाताला लागेल. तुझ्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे सेट असेच कुणीतरी स्वस्तात घेतलेले असतात ना?

मामांकडे यावर उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं यावर उत्तर नाहीच. गोल्फ आपल्याकडे महाग आहे. त्यात सिडकोच्या खारघरच्या कोर्ससारखी, सभासद नसलेल्यालाही खेळता येईल अशी ठिकाणं फार थोडी. नव्या माणसाला खेळात आणतो तो जुना किंवा स्वस्त सेट. अशा सेटचा बाजार निकोप राहायचा असेल तर डागी मालाला डागी म्हणणारं कुणीतरी हवं. मनातल्या मनात सोसून घेणारं गिऱ्हाईक फार सज्जन असेल, पण त्याच्या सज्जनपणाचा उपयोग दुसऱ्या कुणाला होत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगून टाकतो, कारण या वादात त्याचं वजन मला कमी वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरायचे. दाद मागायला १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण कायदा हातात आहे म्हणून दुकानात जाऊन आवाज चढवण्याची गरज शंभरात क्वचितच पडते. दुकानदाराला खरं कारण, फोटो आणि बिल मिळालं की तो वितरकाकडे तसा क्लेम करू शकतो. ‘आवडला नाही’, ‘घरच्यांना पसंत नाही’ अशी खोटी कारणं सांगून परत केलेला सेट मात्र त्याच्याच गळ्यात पडतो. तो डाग त्याला कळतच नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी पुन्हा हाच प्रसंग घडतो. परत करणाऱ्यानं संकोचून गोड कारण सांगणं हेच यात सगळ्यात वाईट.

वाद इथे संपला असं मला वाटलं होतं. खरी गोष्ट पुढे निघाली.

मामा: ठिपका तू तपासलास. क्वालिटीवाली आहेस, नजर तिथे जाणारच. लॉफ्ट आणि लाय तपासलेस?

भाची: कसे तपासणार? माझ्याकडे गेज कुठे आहे?

मामा: मग तू या सेटला ठिपका सोडला तर बाकी ओके कशाच्या जोरावर म्हणालीस?

भाची गप्प झाली. लॉफ्ट म्हणजे फेस मागे किती कललेला आहे तो कोन, त्यावर चेंडूची उंची आणि अंतर ठरतं. लाय म्हणजे सोल जमिनीवर सपाट असताना शाफ्ट किती उभा किंवा आडवा आहे तो कोन, त्यावर दिशा ठरते. कारखान्यातून बाहेर पडताना या दोन्हींत अंशभर इकडे-तिकडे चालतं असं धरलेलं असतं. एका क्लबचा लॉफ्ट अंशानं कमी आणि शेजारच्याचा अंशानं जास्त निघाला, तर दोन क्लबांच्या अंतरातला फरक बराच घटू शकतो. लाय जास्त सपाट असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे जातो. खेळणारा स्वतःच्या स्विंगला दोष देतो, शिकवणी लावतो, हात बदलतो. ठिपका दिसला की खोका परत बांधणारी माणसं हाताला न लागणारी ही चूक वर्षानुवर्षं बॅगेत घेऊन फिरतात. पिंग कंपनीनं १९७० च्या दशकापासून क्लबवर रंगीत ठिपके देऊन लायचं माप उघड लिहायला सुरुवात केली, त्यामागे हेच होतं की माप खेळणाऱ्याला कळलं पाहिजे.

मामांचे एक स्नेही क्लब बसवून देण्याचं काम करतात. त्यांच्याकडे लॉफ्ट-लायचं मशीन आहे. तिथे सातही क्लब मोजले. लॉफ्ट व्यवस्थित होते. लाय चार नंबरपासून वेजपर्यंत पायरीपायरीनं वाढत जायला हवा, तो तसा जात होता. फक्त पाच नंबर ओळीत बसत नव्हता. जवळजवळ दोन अंश सपाट. बाहेरून पाहिलं तर सगळ्या सेटमधला सगळ्यात स्वच्छ क्लब तोच.

मामा: आण इकडे. फोर्ज्ड आहे, मऊ स्टील. लोखंडी दांडा लावला की दोन मिनिटांत सरळ होतो.

भाची: थांब मामा, हात लावू नकोस!

मामा: का? फुकटात होतंय.

भाची: आत्तापर्यंत आपण फक्त मोजलंय. तू वाकवलास की हॉझलवर खूण पडणार. मग तो आपण बदल केलेला क्लब झाला. दुकानदार म्हणेल, तुम्हीच हात लावलाय, आणि ते खरं असेल. आधी त्याला सांगू दे.

मामा: म्हणजे माझ्या मुद्द्यावर तू सेट परत करणार!

भाची: तुझ्या मुद्द्यावर आधी. ठिपक्यावर नंतर.

आता परत काय करायचं, यावरही दोघांचं एकमत होईना. मामांचं म्हणणं, पाच नंबर दुकानदारानं वाकवून द्यावा, कारण हा फरक दुरुस्त होणारा आहे आणि दुरुस्तीनंतर क्लबमध्ये उणं राहत नाही. भाचीचं म्हणणं, नव्या वस्तूला पहिल्याच दिवशी दुरुस्ती कशाला, पुरा सेट बदलून घ्यावा. मी इथे मामांच्या बाजूनं आहे. लाय वाकवून घेणं ही दुरुस्ती मानण्याचं कारण नाही. चांगले खेळाडू नवा सेट आपल्या उंचीला आणि स्विंगला बसेल असा वाकवून घेतातच. शिवाय पुरा सेट परत गेला की नव्या खोक्यात दुसराच कुठला तरी क्लब ओळीबाहेर निघू शकतो. जे सहा क्लब मोजून नीट ठरले त्यांना का सोडायचं? सात नंबरचं मात्र मला भाचीसारखंच वाटतं. मुलाम्यातलं छिद्र बुजवता येत नाही. त्यावर सूट घेणं म्हणजे उद्याच्या गंजाचे पैसे आज घेणं. ज्याला क्लब चार-दोन वर्षांत बदलायचाच आहे त्यानं ती सूट खुशाल घ्यावी. दहा वर्षं वापरणाऱ्यानं घेऊ नये.

भाचीनं दुकानदाराला पाठवलेला निरोप मी वाचला. सात नंबरच्या टॉपलाइनवर मुलाम्यात छिद्र आहे, फोटो जोडले आहेत. पाच नंबरचा लाय मोजला असता सुमारे दोन अंश सपाट आहे, वाकवलेला नाही. नऊ नंबरच्या आकड्यातला रंग अपुरा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. एकही चेंडू मारलेला नाही. सात नंबर बदलून आणि पाच नंबर नीट करून मिळावा, ते जमत नसेल तर सेट परत घ्यावा. दुकानदाराचा त्याच संध्याकाळी फोन आला. पाच नंबर दुकानातच करून देतो म्हणाला. सात नंबर वितरकाकडून मागवावा लागेल, दोन-तीन आठवडे लागतील, तोवर बाकीच्या सेटवर खेळायला हरकत नाही.

भाची: मी खेळणार नाही. सगळं जागेवर आल्यावरच.

मामा: तुझी मर्जी. पण नवा सात आला की ठिपका बघत बसू नकोस, आधी तराजूवर ठेव. डोक्याचं वजन दर नंबरमागे साधारण सात ग्रॅमनी वाढत जातं. सुटा मागवलेला क्लब त्याच शाफ्टचा, त्याच लांबीचा असला तरी वजनात सहा आणि आठच्या बरोबर मधे बसायला हवा, आणि स्विंगवेट, म्हणजे फिरवताना डोकं जेवढं जड जाणवतं ते, बाकीच्यांशी जुळायला हवं. हातात घेतल्यावर एकटाच जड लागला तर त्याच दिवशी परत पाठव, माझ्याकडे आणू नकोस.

भाची: आणि लाय?

मामा: तोही मोज. ग्रिपसुद्धा तीच आली आहे का बघ. बॅगेत टाकण्याआधी.